गिरणीमालकाचे चरित्र कसे लिहावे : सॅम्युअल स्लेटरच्या निमित्ताने

सॅम्युअल स्लेटरवर टिपण लिहायला घेतले की लेखणी आपसूक एकाच कथेकडे धावते : इंग्लंडातून सूतकताईची यंत्रे बाहेर नेण्यास आणि त्यांतील कारागिरांना देश सोडण्यास बंदी असताना, हा एकवीस वर्षांचा तरुण १७८९ साली सारे ज्ञान डोक्यात साठवून अमेरिकेत उतरला. कथा खरी आहे, पण आरंभ तेथून करू नये. आधी डर्बीशायरमधील त्याची उमेदवारी समजून घ्यावी. सूतकताईचे यंत्र काढणाऱ्या आर्कराइटचे एके काळचे भागीदार जेडेडाया स्ट्रट यांच्या गिरणीत तो यंत्रांइतकाच गिरणीचा कारभारही शिकला आणि पुढे त्याला हीच शिदोरी पुरली.

त्यानंतर रोड आयलंड या अमेरिकी राज्यातील पॉटकेट गावी यावे आणि तेथे कोणाचे काय होते, याची नोंद करावी. भांडवल मोझेस ब्राउन या क्वेकर (एका ख्रिस्ती पंथाच्या) व्यापाऱ्याच्या गोटातले, लोखंडकाम ओझिएल विल्किन्सनचे, सुतारकाम सिल्व्हेनस ब्राउनचे. पिंजणयंत्राचा प्रसंग मात्र सविस्तर लिहावा. कापसाचा पेळू सुटून येण्याऐवजी कापूस दातांवरच गुंडाळला जाई. दाते पुरेसे वाकलेले नाहीत हे ध्यानात आल्यावर त्यांचा बाक सुधारण्यात आला आणि यंत्र चालू लागले. निव्वळ स्मरणशक्तीवर गिरणी उभी राहत नाही, हे येथे वाचकाला निराळे सांगावे लागत नाही.

डिसेंबर १७९० मध्ये कताई सुरू झाली, ती एका जुन्या कापडकामाच्या जागेत. आज दाखवली जाते ती ब्लॅकस्टोन नदीकाठची लाकडी इमारत १७९३ सालची आहे. या दोहोंची गल्लत फार होते. सुरुवातीला तयार होई ते फक्त सूत. विणकाम घरोघरच्या हातमागांवर चाले.

पहिले कामगार सात ते बारा वर्षांची मुले होती, ही गोष्ट तळटीपेत ढकलू नये. पुढे स्लेटरने सबंध कुटुंबेच कामाला ठेवण्याची पद्धत रुजवली. कापूस कोठून येई, याचाही माग काढावा, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतील गुलामांच्या मळ्यांपर्यंत जावेच लागते.

गौरवाच्या पदव्या शेवटी तपासाव्यात. अमेरिकेत त्याला कारखानदारीचा जनक म्हणतात, तर डर्बीशायरमधील बेल्पर या त्याच्या जन्मगावी त्याच्या नावाला ‘देशद्रोही’ हे विशेषण चिकटले. दोन्ही द्यावीत आणि त्यांच्या शेजारीच १८२४ साली मजुरीतील कपातीविरुद्ध पॉटकेटच्या विणकर स्त्रियांनी गिरण्यांतून बाहेर पडून केलेला संपही नोंदवावा.