रंग शाबूत, उजेड गायब: आयोडीनच्या नळीचा प्रयोग

चतुर्थीच्या सुट्टीनंतर प्रयोगशाळा उघडली, तर आयोडीनची नळी दिसायला होती तशीच जांभळी. लेझर सोडला, आत नेहमीचा नारिंगी उजेड काही पेटेना. सेल बदलले, लेझर बदलला, अटेंडंटवर उगाच चिडले. दोष निघाला स्टॉपकॉकच्या, म्हणजे नळीच्या तोंडावरच्या तोटीच्या, ग्रीसचा. आयोडीनने ते खाल्लं होतं आणि हवा आत शिरली होती.

वरच्या वातावरणाचा उजेड, म्हणजे ध्रुवीय प्रकाशासारखा, शिकवायला मला याहून चांगला प्रयोग सापडलेला नाही. तिथे वर खरं काम अतिनील किरणांत चालतं. पण 200 नॅनोमीटरच्या खाली ते हवेतला ऑक्सिजनच गिळतो, आणि साधी काच तर त्याच्याही कितीतरी आधी अडवते. अतिनील आरपार सोडणाऱ्या मॅग्नेशियम फ्लोराइडच्या खिडक्या डिचोलीतल्या कॉलेजला कुठून परवडणार? म्हणून 532 नॅनोमीटरचा हिरवा लेझर घ्या, 5 मिलिवॅटच्या आतला.

बोरोसिलिकेटच्या, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या काचेच्या, नळीत आयोडीनचे दोन-तीन खडे टाका. हातमोजे हवेत, आणि वाफ हुंगायची नाही. पंपाने हवा ओढताना नळीचं बूड बर्फ-मिठात बुडवा, नाहीतर आयोडीन पंपात जाऊन पंप गंजेल. मी बर्फ मासळी बाजारातून आणते आणि मीठ आगरवाड्याचं, जाडं. बर्फाला थोडा बांगड्याचा वास येतो, चालतं. हवा निघाली की काच वितळवून तोंड बंद करा. ग्रीसच्या भानगडीत पडू नका.

नळी खोलीच्या तापमानाला आली की काळोख करून लेझर लांबीच्या दिशेने सोडा आणि बाजूने बघा. डोळ्यांवर 532 अडवणारा नारिंगी चष्मा हवाच. तो हिरवा रंग अडवतो आणि फ्लुओरेसन्सचा, म्हणजे आयोडीनने शोषून पुन्हा सोडलेल्या उजेडाचा, पिवळा-नारिंगी धागा तेवढा उरतो. धागा मध्येच मंद-तेज झाला तर घाबरू नका. लेझर तापला की त्याची तरंगलांबी किंचित सरकते आणि आयोडीन ज्या नेमक्या तरंगलांब्या शोषतं, त्या बारीक रेषांवरून घसरते. ग्रेटिंगमधून, म्हणजे उजेडाचे रंग वेगळे करणाऱ्या बारीक रेघांच्या पट्टीतून, पाहिलंत तर त्या धाग्यात सुमारे 6 नॅनोमीटरच्या अंतराने पट्टे दिसतात.

हवा शिरली की काय होतं? आयोडीन प्रकाश शोषतंच, म्हणून रंग तसाच राहतो. पण उजेड बाहेर पडायच्या आत हवेचे रेणू आदळून ऊर्जा काढून घेतात. वरच्या वातावरणातही हेच. ऑक्सिजनच्या अणूला 557.7 नॅनोमीटरच्या हिरव्या रेषेचा उजेड सोडायला तर जवळजवळ पाऊण सेकंद थांबावं लागतं, 630च्या तांबड्या रेषेला शंभराहून जास्त सेकंद. तेवढा वेळ टक्कर चुकवायची तर हवा विरळच हवी. म्हणून ध्रुवीय प्रकाशातला हिरवा रंग साधारण 100 किलोमीटरवर आणि तांबडा 200च्या वर. वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राची माणसं अंटार्क्टिकात तो बघून येतात. मंगळावर अतिनील किरणं कार्बन डायऑक्साइड फोडतात आणि सुटलेला ऑक्सिजन तीच हिरवी रेषा देतो. मंगळाभोवती फिरणाऱ्या ट्रेस गॅस ऑर्बिटर या यानाला ती सापडल्याचं 2020 साली जाहीर झालं.

ती गळकी नळी मी टाकली नाही. आता दोन्ही नळ्या एका रेषेत ठेवते, चांगली पुढे, गळकी मागे. लेझर दोन्हींतून जातो, धागा पहिलीतच संपतो.