ओढ्याच्या पाण्याचा नमुना: नव्या जलवैज्ञानिकाने काठावर काय करावे

केंद्रीय भूजल मंडळासारख्या ठिकाणी वैज्ञानिक म्हणून रुजू होणाऱ्या उमेदवाराने पदव्युत्तर अभ्यास केलेला असतो, संघ लोकसेवा आयोगाची परीक्षाही दिलेली असते. पण बाटली पाण्यात कशी बुडवावी हे त्याला बहुधा कोणी शिकवलेले नसते. प्रयोगशाळेतले यंत्र कितीही महागडे असले तरी ते बाटलीत आलेलेच पाणी मोजते, त्यामुळे पुढचा मजकूर काठावरच्या कामापुरताच आहे.

मुंबईत घराबाहेर पडण्याआधी भरती-ओहोटीचा तक्ता पाहावा. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यांपासून सुमारे १८ किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीला मिळते आणि तिच्या खालच्या टप्प्यात समुद्र दिवसातून दोनदा आत शिरतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तेथे ऐन भरतीत नमुना घेतला आणि नदीचे पाणी म्हणून नोंदवला. गोड्या ओढ्याची विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारे माप, साधारण काहीशे मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर असते, समुद्राची सुमारे ५०,०००. माझा आकडा कित्येक हजारांत गेला होता. वरिष्ठांनी कागद परत करत "नदी मोजलीत की समुद्र?" एवढेच विचारले. खालच्या टप्प्यातला नमुना ओहोटी संपत आल्यावर घ्यावा आणि घड्याळातली वेळ लिहावी.

जागा निवडताना तुलना डोळ्यांसमोर ठेवावी. दहिसर नदी तुळशी तलावाच्या बाजूने राष्ट्रीय उद्यानातून खाली येते. एक नमुना उद्यानाच्या हद्दीतला आणि एक वस्ती ओलांडल्यावरचा घेतला, तर मधल्या वस्तीने पाण्यात काय मिसळले ते या दोहोंतल्या फरकावरून कळते. नाला मिळतो त्या तोंडाशी मात्र नमुना घेऊ नये, दोन्ही पाणी एकजीव होईपर्यंत काठाने खाली चालत जावे. पायाला जखम असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरूच नये. लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून जखमेवाटे शिरणारा आजार, पावसाळ्यापुरताच असतो अशी समजूत करून घेऊ नये. गमबूट आणि हातमोजे तर हवेतच.

प्रवाहाच्या वरच्या दिशेला तोंड करून उभे राहावे, म्हणजे आपल्या पायांनी ढवळलेला गाळ मागे वाहून जातो. साधी बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली आणि आत आम्ल घातलेली बाटली कधीही विसळू नये. विरघळलेल्या ऑक्सिजनची बाटली मात्र सावकाश, पाण्याखाली तिरपी धरून काठोकाठ भरावी आणि बूच लावल्यावर उलटी करून पाहावी: आत लहानसा जरी बुडबुडा फिरताना दिसला, तरी ती ओतून पुन्हा भरावी. लगेच मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड ही ऑक्सिजन बांधून ठेवणारी दोन द्रावणे, पिपेटचे टोक पाण्याखाली ठेवून, एकामागून एक सोडावीत. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका खाली बसतो. नसेल तर तो पांढराच राहतो, आणि शहरातल्या एखाद्या नाल्याच्या काठावर तो पांढरा साका पाहिला की प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही. आंघोळीयोग्य पाण्यासाठी लिटरला किमान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि बीओडी, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही.

ऑक्सिजनचा आकडा दिवसभर एकसारखा नसतो. शेवाळाच्या पाण्यात तो दुपारी फुगतो आणि पहाटे उतरतो, म्हणून दर महिन्याच्या फेरीची वेळ शक्यतो तीच ठेवावी. सोयीप्रमाणे कधी सकाळी, कधी जेवणानंतर गेल्यास वर्षाअखेरीचा आलेख नदीऐवजी आपली दिनचर्या दाखवतो.

बीओडी आणि जंतूंच्या बाटल्या बर्फाच्या पेटीत उभ्या ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवाव्यात. लोकलच्या गर्दीचा अंदाज आधीच घेतलेला बरा. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, वेळ आणि पाण्याचे तापमान शिसपेन्सिलीने लिहावे, कारण बर्फ वितळतो आणि शाई पसरते.