बागमंडळाची रहस्यकथा लिहायची असेल तर

माझ्या पहिल्या रहस्यकथेत साल होतं १९५७ आणि फौजदाराच्या पाठीमागे भिंतीवर लटकत होतं 'कालनिर्णय'. कथा दिवाळी अंकात छापून आली आणि पंधरा दिवसांत एका आजोबांचं पोस्टकार्ड आलं: "बाई, कालनिर्णय निघालं १९७३ साली. तुमच्या फौजदाराला ते सोळा वर्षं आधी कुठे मिळालं, याचा तपास आधी लावा." जीवशास्त्राची मास्तरीण मी, तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाई ओतली. त्या दिवशी मला कळलं कसं वाटतं ते.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी साल, मग महिना, मग तिथी, आणि माणसं त्यानंतर. जुन्या काळची, रक्तपात नसलेली, छोट्या गावातल्या बागमंडळाची, म्हणजे फुलवेड्या मंडळींची गोष्ट लिहायची तर तुमचा खरा साक्षीदार बाग असते, आणि बाग पंचांगाबाहेर बोलत नाही.

साल निवडताना एक सांगते. १९४८ घेऊ नका. गांधीहत्येनंतर आमच्या सातारा-सांगलीकडे घरं जळाली. त्या धुरात हसतंखेळतं रहस्य टिकत नाही, आणि टिकवलं तर बरं दिसत नाही. मी पुन्हा १९५७ च धरलं, गाव वाई, महिना ऑक्टोबर. १ एप्रिलपासून नये पैसे आलेले, पण बाजारात हिशोब अजून आण्यांत: चार आण्यांचे पंचवीस, तीन आण्यांचे एकोणीस, आणि रोज कुणीतरी कुणालातरी एका पैशाने फसवलं म्हणून भांडण. ४ ऑक्टोबरला रशियाने स्पुटनिक सोडला आणि त्याच आठवड्यात कोजागिरी. गच्चीवर मसाला दूध हातात घेऊन सगळ्यांच्या माना वर! चोरीला यापेक्षा चांगली रात्र शोधून सापडणार नाही. शिवाय ३० नोव्हेंबरला प्रतापगडावर नेहरूंच्या हस्ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण व्हायचं होतं आणि संयुक्त महाराष्ट्र समिती निदर्शनांच्या तयारीत. म्हणजे चहाच्या प्रत्येक कपाला भांडायला विषय तयार. एवढा मसाला आयता मिळाल्यावर खोटं काही घालायची गरज पडत नाही.

आता गुन्हा. तो लहान हवा. लहान गावात मंडळाचा चांदीचा पेला चोरीला गेला तर पोलीस येतात आणि गोष्ट तुमच्या हातून जाते. मी चोरली एक बोटभर फांदी. 'पीस' नावाचा गुलाब फ्रान्समधल्या मेयाँ कुटुंबाने तयार केला, त्याला हे नाव मिळालं १९४५ मध्ये. पिवळं फूल, कडेला गुलाबी झाक. (तुमची गोष्ट १९३८ ची असेल तर हा गुलाब लावू नका, पोस्टकार्ड येईल.) माझ्या गोष्टीत तो गावात एकाच घरी आहे, मामलेदारीणबाईंच्या कुंडीत, आणि त्या कुणाला डोळा द्यायला तयार नाहीत. गुलाबवाल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: फांदीवर पानाच्या बेचक्यात जो फुगीर अंकुर असतो तो डोळा. बोटभर फांदीवर चार-पाच डोळे निघतात, प्रत्येक डोळा गावठी खुंटावर बांधला की एकेक झाड. म्हणजे फांदी गेली की मक्तेदारी गेली. किंमत शून्य आणि अब्रूचा प्रश्न! असाच गुन्हा शोधा.

सुगावा बागेतूनच यायला हवा, आणि तो आधी स्वतः करून बघायला हवा. माझा सुगावा प्राजक्ताचा आहे. प्राजक्त संध्याकाळी उमलतो आणि पहाटेपर्यंत खाली सडा पडतो. मी आमच्या अंगणात दिवेलागणीला झाडाखाली झाडून घेतलं आणि रात्री दहाला एक रिकामी मातीची कुंडी ठेवली. दुसरी ठेवली पहाटे सहाला. सातला दोन्ही उचलल्या. पहिलीखाली ओल्या मातीचं स्वच्छ गोल वर्तुळ, पुरणपोळी उचलल्यावर ताटात राहतं तसं. दुसरीखाली चपटी झालेली फुलं आणि कुंडीच्या बुडाला देठांचे केशरी डाग. ते डाग मी ओल्या फडक्याने पुसले, पूर्ण गेले नाहीत. सूनबाई खिडकीतून बघत होती. तिने काही विचारलं नाही, हे तिचं मोठेपण.

आता हा प्रयोग गोष्टीत बसवा. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फांदी कापलेली दिसते. कुंडी प्राजक्ताखाली जागच्या जागी, वरच्या मातीवर प्राजक्ताची फुलं पडलेली, म्हणजे रात्रभर ती तिथेच होती. मग फांदी कापली कधी? रात्री, पाहुण्यांच्या गर्दीत. जे जे आले होते ते सगळे संशयित. ड्रॉइंगमास्तर तेवढे तापाने घरी होते, ते सुटले. पण वरची फुलं कुणीही पसरू शकतो. खालची नाही. कुंडीखाली चिरडलेली फुलं निघाली की सगळं उलटतं: कुंडी रात्री बाहेर गेली होती, पहाटे परत आली, आणि जो रात्री नव्हता तोच आता पहिला.

एवढा चांगला सुगावा हातात आला की माणूस तो ओरडून सांगतो. मीही सांगितला होता. पहिल्या खर्ड्यात वाक्य होतं: "कुंडी उचलली तेव्हा तिच्याखाली प्राजक्ताची फुलं चिरडलेली होती." मराठी वाक्याचं सगळं वजन शेवटी पडतं, त्यामुळे हे वाचून शेंबडं पोरही सावध होईल. मग असं केलं: "आत्याने कुंडी जरा सरकवली, खाली चिकटलेली चार फुलं 'ही देवाला चालायची नाहीत' म्हणत आळ्यात टाकली, आणि पोस्टमास्तरांच्या चहात साखर राहिली म्हणून परत आत गेली." वाचक साखरेबरोबर आत जातो. अंगण संध्याकाळी झाडलं होतं, हेही आदल्या प्रकरणात कोजागिरीच्या तयारीत घालून ठेवा. नंतर घातलं तर ती लबाडी.

शोध कुणी लावायचा? जी त्या वेळी जागी असते आणि जिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं ती. प्राजक्ताचं फूल जमिनीवरून उचललेलंही देवाला चालतं, म्हणून आमच्या घरी पहाटे परडी घेऊन आत्याच वाकलेली असायची. मंडळाची सभासद नाही, सभेत खुर्ची नाही, पण अंगणातलं रोजचं चित्र तिच्या डोळ्यांत. तिला हुशार संवाद देऊ नका. "मेलं, काहीतरी चुकतंय खरं," एवढं पुरे.

माळ्याला चोर करू नका. गावात पहिला संशय त्याच्यावरच जातो, तो गोष्टीतही जाऊ द्या, पण संशय घेणाऱ्यांना पुढे त्याच्यासमोर बसवा. माझ्या गोष्टीत मामलेदारीणबाई त्याला "अरे" वरून "अहो मामा" वर येतात, ते एवढंसं वळण लिहायला मला चोरीपेक्षा जास्त वेळ लागला.

कारण मात्र प्रेमाचं ठेवा. ड्रॉइंगमास्तरांना फुलाचं चित्र काढायचं होतं. तीन वेळा विचारलं, तीन वेळा नकार. ताप खोटा. रात्री कुंडी घरी नेली, कंदिलाच्या उजेडात चित्र पुरं केलं, आणि परत ठेवण्याआधी हात मोहाला बळी पडला. उलगड्याला पोलीस नकोत, आत्या ते चित्र बघते आणि विचारते, "मास्तर, हा पिवळा रंग कंदिलात दिसतो तसा काढलात होय?"

ही कथा छापायला देण्याआधी मी त्या पोस्टकार्डवाल्या आजोबांना पाठवली. चार दिवसांत उत्तर आलं. प्राजक्त त्यांना मान्य, स्पुटनिक मान्य. पण मास्तरांच्या पाकिटावर मी 'जि. सातारा' लिहिलं होतं. १९५७ साली वाई होती 'उत्तर सातारा' जिल्ह्यात.