रणरणत्या उन्हात या चुका टाळा

‘आज 38च तर आहे’ असं म्हणून भरदुपारी बाहेर पडणं ही पहिली चूक. जाहीर होणारं तापमान सावलीतलं असतं. जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, खेळत्या हवेच्या पेटीत ते मोजतात. उन्हात उभ्या माणसाच्या अंगाला किंवा पत्र्याखाली बसलेल्याला त्याहून बरंच जास्त सोसावं लागतं. शिवाय शरीर गार होतं ते नुसता घाम येऊन नव्हे, तो सुकल्यामुळे. हवा दमट असली की घाम सुकत नाही, नुसता ओघळतो. 32 अंश तापमानाला आर्द्रता 70 टक्के असेल तर अंगाला सुमारे 40 अंशांसारखं जाणवतं. म्हणून अंदाज बघताना आर्द्रतेचा आकडाही वाचा. आणि बारा टळले म्हणजे ऊन उतरलं असं समजू नका. तापलेली जमीन हवेला तापवत राहते, त्यामुळे पारा सगळ्यात वर जातो तो बहुधा दुपारी तीन-चारच्या सुमारास.

तहान लागण्याची वाट बघणं तर घरोघरी चालतं. म्हाताऱ्या माणसांना तहानेची जाणीवच कमी होते, त्यांना आठवणीने पाणी द्यावं लागतं. उन्हात काम करणाऱ्याने दर 15-20 मिनिटांनी पेलाभर, म्हणजे 200-250 मिली पाणी प्यावं. एकदम तांब्याच्या तांब्या रिचवणंही धोक्याचं. तासाला दीड लिटरच्या वर पाणी गेलं तर रक्तातलं सोडियम घटतं. डोकं दुखतं, मळमळतं आणि ऊन लागलं समजून माणूस आणखी पाणी पितो. घाम तासन्‌तास गळत असेल तर ओआरएस घ्या. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी विरघळवा, अर्धी पुडी अंदाजाने नको. पुडी नसेल तर 1 लिटर पाण्यात सपाट 6 चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर अपाय होतो. केलेलं पाणी 24 तासांनंतर ओतून द्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र वरचं पाणी नको, अंगावर जास्त वेळा पाजा.

कूलर लावूनही जीव घाबरा होतो, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा दारं-खिडक्या बंद असतात. ओली हवा बाहेर जायला वाट नसली की खोलीत दमटपणा साठतो. कूलर खिडकीत बसवा आणि समोरची खिडकी किंवा दार चार बोटं उघडं ठेवा. मग पॅड हात लावून तपासा. मध्ये कोरडा पट्टा लागला तर तिथून गरम हवा तशीच आत येते. वरच्या नळीची भोकं क्षाराने बुजलेली असतात, ती तारेने मोकळी करा. हवाच दमट असेल तर कूलरचा उपयोग होत नाही. पंख्याचंही तसंच, खोलीत 40 अंशांच्या वर गेलं की कोरड्या अंगावर तो गरम झळाच फेकतो. अशा वेळी अंग ओलं ठेवा.

सुट्टीवरून आलेल्या किंवा नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी पूर्णवेळ उन्हात उभं करू नका. शरीराला सवय व्हायला 7 ते 14 दिवस लागतात. पहिल्या दिवशी नेहमीच्या वेळेच्या 20 टक्के, मग रोज 20 टक्क्यांनी वाढ, असं ठेवा. लघवी जास्त होण्याच्या, रक्तदाबाच्या आणि मनोविकाराच्या काही गोळ्यांनी उन्हाचा त्रास वाढतो. त्या स्वतःहून बंद करू नका, उन्हाळा सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारा. उभ्या गाडीत मूल पाच मिनिटंही ठेवू नका. दहा मिनिटांत आतलं तापमान 10 अंशांनी चढू शकतं, काच थोडी खाली असली तरी फारसा फरक पडत नाही.

सगळ्यात महागात पडते ती उष्माघात ओळखण्यातली चूक. ‘घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही’ हे खोटं आहे. राबताना झालेल्या उष्माघातात अंग घामाने निथळत असू शकतं. खरी खूण म्हणजे अंग भाजत असताना माणूस बरळणं, झोकांड्या जाणं, ओळख न पटणं, आकडी येणं. थर्मामीटर शोधत बसू नका. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत गार करणं थांबवू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, जोराने वारा घाला. बर्फ असेल तर कापडात गुंडाळून मानेला, काखेत आणि जांघेत लावा. धडधाकट तरुण असेल तर डोकं वर धरून गार पाण्याच्या टाकीत बसवणं सर्वांत परिणामकारक. नुसती ओली चादर पांघरून ठेवू नका, ती लगेच गरम होते आणि वारा अडवते. तापाची गोळी देऊ नका; हा ताप जंतूंचा नाही, त्यामुळे ती उतरवत नाही आणि यकृतावर मात्र भार टाकते. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही नको, कुशीवर वळवून ठेवा. माणूस नीट बोलू लागला तरी दवाखान्यात न्याच, कारण यकृत आणि मूत्रपिंडाला झालेली इजा कधी कधी दोन-तीन दिवसांनी कळते.