रशियन तंत्रज्ञान पदवी आणि जर्मनीचे ब्लू कार्ड
रशियातील विद्यापीठातून संगणकशास्त्र वा अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्यांनी जर्मनीच्या ब्लू कार्डसाठी (कुशल परदेशी नोकरदारांना मिळणारा वास्तव्य व कामाचा परवाना) अर्ज करण्यापूर्वी ‘अनाबिन’ या सरकारी माहितीकोशात आपली संस्था आणि पदवी, दोन्ही स्वतंत्रपणे शोधावीत; संस्थेपुढे ‘एच प्लस’ (म्हणजे मान्यताप्राप्त) असा शेरा असला तरी पदवीची नोंद तेथे नसेल, तर जर्मनीच्या केंद्रीय मूल्यांकन कार्यालयाकडून समकक्षतेचे प्रमाणपत्र मागवावे लागते. सोव्हिएत काळापासून चालत आलेली किमान 5 वर्षांची ‘स्पेशालिस्ट’ पदवी 4 वर्षांच्या बॅचलरहून वेगळी आहे, त्यामुळे भाषांतरात तिला सरसकट ‘बॅचलर’ म्हणू देऊ नये; त्यात उमेदवाराचे नाहक नुकसान होते. माझ्या मते सर्वाधिक काळजी कागदपत्रांची घ्यावी, कारण अपोस्टिल, म्हणजे कागदपत्र खरे असल्याचा परदेशात ग्राह्य धरला जाणारा सरकारी दाखला, पदवी देणाऱ्या देशातच मिळते, आणि विषय, तास व गुण दाखवणारी पुरवणी मूळ पदवीइतकीच महत्त्वाची ठरते. ही कामे रशिया सोडण्यापूर्वीच उरकलेली बरी. संगणक क्षेत्रात काम करण्यासाठी जर्मनीत व्यावसायिक परवाना लागत नाही; नोव्हेंबर 2023 पासून तर गेल्या 7 वर्षांत किमान 3 वर्षांचा संबंधित अनुभव असलेल्या संगणक तज्ज्ञांना पदवीविनाही ब्लू कार्ड मिळू शकते, मात्र ठरलेल्या किमान वेतनाची अट त्यांनाही पूर्ण करावी लागते.