प्लॉटरची कंपनी विकली गेली? मग आधी एवढं करून ठेवा

बोटीवरच्या प्लॉटरवर, म्हणजे आपण नकाशावर कुठे आहोत ते दाखवणाऱ्या स्क्रीनवर, लोगो तोच असतो, फक्त मालक बदललेला असतो, आणि ते आपल्याला कळतं कधी, तर सर्व्हिसचा फोन भलतीकडेच लागतो तेव्हा. प्लॉटर बनवणाऱ्या रेमरीनचंच घ्या ना, २००१ ला रेथिऑनमधून वेगळी झाली, २०१० ला फ्लिरने घेतली, २०२१ ला त्या फ्लिरलाच टेलिडाइनने घेतलं. त्याच वर्षी ब्रन्सविकने १.०५ अब्ज डॉलर मोजून नॅव्हिको उचलली, म्हणजे लॉरन्स, सिमरॅड आणि बी अँड जी, आपण ज्यांची एकमेकांशी तुलना करत बसतो ते तिघे एकाच घरचे!

दरवेळी वाईटच होतं असं नाही, कधी नवा मालक पैसा ओततो. पण जुनी मॉडेल्स बंद होतात, रिपेअर सेंटर कमी होतात आणि जुन्या बोर्डची नस माहीत असलेला माणूस नोकरी सोडून जातो, याचीच मला जास्त भीती वाटते.

बातमी आली की पहिलं वॉरंटीचं बघा. अख्खी कंपनी विकली असेल तर वॉरंटी सहसा चालू राहते, पण नुसता ब्रँड किंवा प्रॉडक्ट लाइन विकली असेल तर जुनी वॉरंटी कोण पाळणार हे त्यांच्या करारावर ठरतं, तेव्हा सिरियल नंबर आणि बिल जोडून मेल टाका आणि लेखी उत्तर घ्या, फोनवरच्या ‘हो हो’ला काही अर्थ नाही. मग त्याच दिवशी मॅन्युअल आणि शेवटची फर्मवेअर फाइल (प्लॉटरच्या आतलं सॉफ्टवेअर) उतरवून घ्या, कारण वेबसाइट बदलली की सगळ्यात आधी हेच गायब होतं. वेपॉइंट (साठवून ठेवलेल्या जागा), रूट जीपीएक्समध्ये, म्हणजे बहुतेक ब्रँडना वाचता येणाऱ्या फाइलमध्ये काढा, कार्डवर एक कॉपी आणि घरी एक. आणि सीझन चालू असताना अपडेट मारू नका प्लीज.

चार्टचं, म्हणजे समुद्राच्या नकाशांचं लफडं वेगळंच. नेव्हिऑनिक्सची कार्डं कितीतरी ब्रँडच्या प्लॉटरवर चालायची, आणि २०१७ ला ती कंपनी स्वतः प्लॉटर बनवणाऱ्या गार्मिनने घेतली, म्हणजे तुमचा प्लॉटर एकाचा आणि नकाशा त्याच्या स्पर्धकाचा. म्हणून प्लॉटर घेताना त्यावर निदान दोन कंपन्यांचे चार्ट चालतात का ते विचारा.

वायरिंग शक्यतो एनएमईए २००० वर, म्हणजे वेगवेगळ्या ब्रँडची उपकरणं जोडणाऱ्या सामायिक केबलवर ठेवा, मग खोली, वारा, हेडिंग (बोटीच्या तोंडाची दिशा) उद्या दुसऱ्या ब्रँडच्या स्क्रीनवरही दिसेल. रडारचं मात्र तसं नाही, तो बहुतेक वेळा आपल्याच ब्रँडच्या स्क्रीनशी बोलतो, त्यामुळे सगळ्यात जास्त विचार तिथे करा. ट्रान्सड्यूसरवरचा (खोली मोजणारा सेन्सर) पार्ट नंबर पण लिहून ठेवा, बऱ्याच ब्रँडचे ते एअरमार ही एकच कंपनी बनवते, ब्रँडचं नाव पुसलं गेलं तरी त्याला जुळणारा दुसरा सापडतो.

नवीन घ्यायच्या आधी माझी एक खोड आहे, सपोर्टला आठ-दहा वर्षं जुन्या मॉडेलबद्दल साधा प्रश्न मेल करायचा. एकीकडून दुसऱ्या दिवशी वायरिंगचा डायग्राम आला, दुसरीकडून तीन आठवड्यांनी नव्या मॉडेलचं ब्रोशर.