हेड लेथवर आणण्याआधी घरी हे बघा

आमच्या उद्यमनगरात मोटारसायकलचं हेड, म्हणजे हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा असे दोन व्हॉल्व्ह असलेलं इंजिनाचं डोकं, घेऊन येणारा गिऱ्हाईक आल्या आल्या सांगतो, "दोन्ही व्हॉल्व्ह नवीन टाका." का टाकायचे विचारलं की, "मिस्त्री म्हणाला." शंभर सीसीच्या गाडीला एवढी घाई नको.

किक हलकी लागतीय, पन्हाळ्याच्या चढाला गाडी दुसऱ्यावर आणावी लागतीय, म्हणजे कॉम्प्रेशन, सिलिंडरमधला दाब, पळतंय. आधी टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारा स्क्रू) बघा, इंजिन पूर्ण थंड असताना, फिलर गेजनं, म्हणजे गॅप मोजायच्या पातळ पट्ट्यांनी. गॅप किती ते गाडीच्या पुस्तकात असतं. टॅपेट घट्ट असलं तर व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या गोल बैठकीवर, बसतच नाही. ते ठीक असेल तर प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज लावून, ॲक्सिलरेटर पूर्ण ओढून किका मारा. मग भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंगा-बोअर (पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरची आतली भिंत) गेलेत. होता तिथंच राहिला तर व्हॉल्व्ह, नाहीतर गास्केट.

हेड उतरवताना टायमिंग चेन तारेनं बांधा, नाहीतर खाली पडते आणि काम वाढतं. प्लग बसवून हेड उलटं, सपाट ठेवा आणि चेंबरमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह असलेल्या खळग्यात, रॉकेल किंवा डिझेल भरा. पेट्रोल नको, घरात पेट घ्यायची भीती. पाच मिनिटांनी दोन्ही पोर्टमध्ये (हवा-धुराच्या भोकांत) बॅटरी मारा. कोरडे असतील तर व्हॉल्व्हला हात लावू नका. पाझरत असेल तर लॅपिंग, म्हणजे खरखरीत पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं.

व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबून तिला धरणारे लॉक काढा. व्हॉल्व्ह थोडा वर उचलून हलवून बघा. डगडगत असेल तर गाइड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी जिच्यात सरकते ती नळी, गेलाय, लॅपिंगनं काही होणार नाही. नसेल डगडगत, तर व्हॉल्व्हच्या कडेला पेस्टचे चार-पाच बारीक ठिपके द्या. जास्त लावली तर गाइडमध्ये उतरते आणि तिथं घासत बसते. रबरी काठी व्हॉल्व्हला चिकटवून, तळहातात धरून ताकाच्या रवीसारखी दोन्हीकडं फिरवा, मधेमधे उचलून जागा बदला. सुरुवातीला खरखर येते, मग आवाज मऊ होतो. तिथं थांबा. पुसून बघा, सगळीकडून सारखा, न तुटलेला करडा पट्टा दिसला पाहिजे. शंका असेल तर सीटवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा मारा, व्हॉल्व्ह ठेवून जरासा फिरवा. एखादी रेघ न पुसता राहिली तर तिथं टेकत नाही.

मग रॉकेलनं आणि साबणाच्या पाण्यानं पेस्टचा कण न कण धुऊन काढा. यात आळस नको. स्टेमला (दांडीला) ऑइल, सील नवीन, आणि जोडून झाल्यावर रॉकेलची चाचणी पुन्हा.

सीटवरचे काळे खड्डे हटत नसतील, व्हॉल्व्हची कड ब्लेडसारखी पातळ झाली असेल किंवा गाइड ढिला असेल तर आमच्याकडं या. येताना जुने व्हॉल्व्ह घेऊन या आणि हेड कापडात गुंडाळा, डिकीत पान्यांबरोबर टाकू नका. फेसवर, म्हणजे हेडच्या गास्केटकडच्या सपाट बाजूवर, ओरखडा पडला की फेस मारायचे (ती बाजू पुन्हा सपाट करायचे) पैसे वेगळे.